बारीक वायर

दादा,

वाचनालयाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा, असं शिर्केसरांनी मला सांगितलं त्याला आज आठ दिवस झाले. "तुम्ही मावसभाऊ, त्यात कारखान्यातही बरोबर. तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय त्यांना?" असं ते म्हणाले. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा तुझं शिक्षण, नंदेसरीतली नोकरी, वाचनालयासाठी केलेली कामं असं ओळीने लिहीत गेलो आणि कागद फाडला. ते सगळं सरांना पाठ आहे, घालतील ते चौकटीत फोटोखाली. मला तुझ्याशी बोलायचं आहे. खरं म्हणजे भांडायचं आहे. तू गेलास तेव्हा रडलो, तेराव्याला पंगतीत बसून जेवलो, आणि चौदाव्या दिवसापासून मला तुझा राग येतो आहे. तो काही केल्या जात नाही.

समोर टेबलावर तुझा तो डबा आहे. वहिनींनी गेल्या आठवड्यात दिला. "घेऊन जा भाऊजी, कोपरा अडतो," म्हणाल्या. देताना आणखीही काही म्हणाल्या, त्याच्यावर पुढे येतो. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातला पॉवर सप्लाय, पत्र्याचा चौकोनी डबा, मागे पंखा. त्यातून निघालेल्या सगळ्या पिवळ्या वायरी एकत्र पिळून एका पितळी बोल्टवर, सगळ्या काळ्या दुसऱ्या बोल्टवर. तिथून बोटाएवढी जाड काळी केबल, आणि केबलच्या टोकाला ड्रिलच्या बॅटरीचं रिकामं कवच. ते कवच ड्रिलच्या मुठीखाली खटकन बसतं, बॅटरी बसावी तसं. फक्त आत बॅटरी नाही.

या डब्यावरून आपण चार महिने भांडलो. मी तर भांडलोच. तू भांडत होतास का, हे आता मला नक्की सांगता येत नाही.

सुरुवात दसऱ्याला झाली. अलकापुरीतल्या दुकानातून मी तुझ्यासाठी नवं ड्रिल आणलं. वीस व्होल्टचं, त्यातल्या त्यात मोठ्या बॅटरीचं. तुझ्याकडे आयुष्यभर दुसऱ्यांनी टाकलेली हत्यारं, म्हटलं एक तरी कोरं असावं. तू दरवर्षीसारखी पाटावर हत्यारं मांडली होतीस, पकडी, पाने, तो जुना मल्टिमीटर, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. मी खोकं तुझ्या मांडीवर ठेवलं. तू ड्रिल बाहेर काढलंस, दोन्ही हातांनी धरलंस, थोडं वर केलंस आणि मांडीवर परत ठेवलंस.

"जड आहे रे," म्हणालास.

"असणारच. पाच अँपिअर-तासांची बॅटरी आहे. दिवसभर चालव, उतरायची नाही."

"हो, दिसतंय ना." मग हसून वहिनींना म्हणालास, "नंदूने तोफ आणली गं."

त्याला हळदकुंकू लागलं, फूल वाहिलं गेलं, आणि ते पुन्हा खोक्यात गेलं ते गेलंच. पंधरा दिवसांनी आलो तर खोक्यावर वर्तमानपत्राची रद्दी. मी विचारलं तर म्हणालास, "आहे की. ठेवलंय नीट." मग जरा घुटमळून, "नंदू, तुझं ते जुनं बारा व्होल्टचं ड्रिल आहे का रे अजून? बॅटऱ्या मेलेलं?"

मला काय वाटलं असेल याचा विचार कर. नवंकोरं आणून दिलं ते रद्दीखाली, आणि मी टाकून दिलेलं तुला हवं. मनात म्हटलं, याला सवयच ती. कारखान्यात तुझा नियम होता, बंद पडलेली वस्तू का बंद पडली हे कळल्याशिवाय फेकायची नाही. स्टोअरमधली माणसं वैतागायची, मी तुझी बाजू घ्यायचो. पण घरी, माझ्या भेटीच्या बदल्यात? मी ते ड्रिल दुसऱ्या दिवशी आणून जवळजवळ आपटलंच तुझ्या टेबलावर. तू त्याची मेलेली बॅटरी उघडलीस, आतले दहाच्या दहा सेल काढलेस आणि कवच पुसून बाजूला ठेवलंस. माझ्या रागाकडे तुझं लक्षच नव्हतं. आता वाटतं, असेल. असेलच.

पुढचा महिना तू त्या डब्याच्या मागे लागलास. मी रविवारी यायचो, खुर्ची ओढून बसायचो आणि टोमणे मारायचो. ते मला चांगलं जमतं. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून तेच तर करत आलो.

"दादा, बॅटरीवरच्या ड्रिलचा मोठेपणा कशात आहे? वायर नाही यात. तू त्याला वायर लावतोयस."

"हं."

"म्हणजे बिनदोरीचा पतंग आणायचा आणि मग दोरी शोधत बसायचं."

"बिनदोरीचा पतंग बडोद्यात कोण आणतो? स्क्रू दे तो."

"वायरचंच हवं असेल तर साधं वायरवालं घे ना. दोनशेतीस व्होल्टचं."

"त्याचं वजन बघितलंयस?" म्हणालास तू.

हे तू म्हणालास, दादा. माझ्या कानांनी ऐकलंय. मी काय उत्तर दिलं माहीत आहे? "वजन असेल तर काम नीट होतं." आणि उठून पाणी प्यायला आत गेलो.

पहिल्या दिवशी ट्रिगर दाबला की डबा स्वतःच बंद पडायचा. मोटर सुरू होताना एकदम जो झटका घेते तो त्याला सोसत नव्हता. चारदा, पाचदा. प्रत्येक वेळी तू खाली वाकून मागचं बटण बंद-चालू करायचास आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "गेला." मग तुला कळलं की ट्रिगर हळूहळू दाबत नेला तर तो तग धरतो. तुझ्या बोटाने ते इतकं अलगद साधलं की ड्रिल आधी गुणगुणायचं, मग आवाज चढवायचं, पेटीवर सूर लावावा तसं. लाकडात भोक पडलं, भुसा सांडला. तू मान वर करून बघितलंस. मला तेव्हा "शाबास" म्हणायला काय झालं होतं?

मी म्हणालो, "आणि ही केबल? वेल्डिंगच्या भंगारातली? मधे पट्टी मारलेली?"

ती केबल जाड आणि ताठ. हातावर तिचा भार यायला नको म्हणून तू ती खांद्यावरून घेतली होतीस आणि वहिनींच्या जुन्या साडीच्या काठाने खांद्याशी बांधली होतीस. मी तुला गारुडी म्हणालो. "गळ्यात नाग घातल्यासारखा दिसतोस." तू हसलास. वहिनी हसल्या नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, साडी फाडली म्हणून नाराज असतील.

आता वाचनालयाचं. हे लिहिताना मला जड जातं, कारण हे वाचणारे त्या दिवशी तिथेच होते.

वाळवीने मागच्या भिंतीची कपाटं खाल्ली आणि कमिटीने नवी करायचं ठरवलं. हर्षदभाई सुताराने प्लायवूडची करून देतो म्हणून सांगितलं. तू सभेत उठून म्हणालास, जुन्या कपाटांचे सागवानी उभे खांब अजून शाबूत आहेत, त्यांच्यावरच नव्या फळ्या बसवता येतील, मी बसवतो. एक कपाट करून दाखवतो, पसंत पडलं तर बाकीची अकरा द्या, नाहीतर हर्षदभाईंना द्या. निवृत्तीनंतर सहा वर्षांत तू कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. ते एक कपाट तू मागितलंस. शिर्केसर म्हणाले, "चालेल, संक्रांत झाली की पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर करू या." कमिटीचा चिटणीस मी. ठराव माझ्याच हाताने लिहिला.

आणि मग मला झोप लागेना. विजेचं घरगुती यंत्र, पट्टी मारलेली केबल, चार हजार पुस्तकं, चाळीस माणसं. काही झालं तर? कारखान्यात याहून कमी गोष्टीसाठी मी माणसांना मेमो दिलेत. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. म्हणून शनिवारी दुपारी तू झोपलेला असताना मी आलो. वहिनींना म्हटलं, "सामान आजच पोचवून ठेवतो." आणि ती केबल काढून दुसरी वायर लावली. मांडवीच्या बाजारातून आणलेली, दुहेरी आवरणाची, पांढरी, आयएसआय मार्काची, मधे कुठे जोड नाही. जुनी केबल गुंडाळून तुझ्या टेबलाखाली सारली. वहिनींना सांगितलं, दादाला बोलू नका, उद्या बघेल तो. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. नियम मोडू न देता तुझं काम होऊ देणार होतो मी.

ज्याला विजेतलं थोडं कळतं तो आत्ताच कपाळाला हात लावेल. त्याच वायरवर माझ्या घरी मिक्सर चालतो, मग हे एवढंसं ड्रिल का चालणार नाही, असा माझा विचार. मी आयुष्यभर दोनशेतीस आणि चारशेचाळीसला घाबरायला शिकवलं लोकांना. बारा व्होल्ट म्हणजे माझ्या लेखी खेळणं. पण तेवढंच काम बारा व्होल्टवर करून घ्यायचं तर करंट वीसपट लागतो. जिथे मिक्सर तीन अँपिअर घेतो तिथे तुझं ड्रिल लाकडात शिरताना वीस घेत होतं. म्हणून तू बोटाएवढी जाड केबल घेतली होतीस, भंगारात दुसरं काही मिळालं नाही म्हणून नव्हे. बारीक वायरीत अर्धा जोर वाटेतच जिरतो आणि वायर तापते. हे मला घरी गेल्यावर, कागदावर आकडे मांडले तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी सगळे जमले. तू पांढरा शर्ट घातला होतास, इस्त्रीचा. डब्याजवळ आलास, वायर पाहिलीस, हातात घेऊन बोटांत फिरवलीस.

"ही कुठली?"

"नवीन आणली. जुनीला जोड होता."

"आणि ती कुठाय?"

"घरी."

तू घड्याळाकडे बघितलंस, मग खुर्च्यांवर बसलेल्या लोकांकडे. चहा वाटून झाला होता. मग तू फळीवर पेन्सिलीची खूण केलीस आणि ड्रिल टेकवलंस.

ते गुणगुणलं आणि तिथेच राहिलं. सागवानात पाव इंच शिरलं आणि अडकलं. तू काढलंस, परत लावलंस. घूं करून थांबलं. तिसऱ्यांदा तू डावा हात उजव्यावर ठेवून जोर दिलास. मागून हर्षदभाईंचा आवाज आला, "दादा, आ तो रमकडुं छे, रहेवा दो ने." खेळणं आहे, राहू द्या. वाईट बुद्धीने नाही म्हणाले ते, त्यांचा स्वभाव तसा. पण लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "जुगाड आहे साहेब, वेळ लागणार." परत हसले. तेवढ्यात वास आला, प्लॅस्टिक तापल्याचा. मी पुढे झालो, वायरला हात लावला, ती चांगलीच गरम होती. मी भिंतीतला प्लग उपसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दादा, बस झालं. हे धोक्याचं आहे."

तू ड्रिल खाली ठेवलंस. वायर कोपरावर गुंडाळलीस, वेढ्याला वेढा लागेल अशी, घाई न करता. मग शिर्केसरांना म्हणालास, "हर्षदभाईंना सांगा. चांगलं करतील ते." माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेत राग नव्हता, तेच मला अजून सोसवत नाही. अर्धा कप चहा राहिला होता तो उभ्यानेच संपवलास आणि घरी गेलास. माझ्या गाडीतून नाही, चालत.

त्यानंतर तू दोन महिने होतास. मी सात-आठदा तरी आलो. आपण पाण्याच्या प्रेशरवर बोललो, माझ्या बदलीवर बोललो, वहिनींच्या गुडघ्यावर बोललो. प्रत्येक वेळी जिना चढताना ठरवायचो, आज वायरचं बोलू. तू दार उघडायचास, "ये, बस," म्हणायचास आणि माझं धाडस तिथेच संपायचं. डबा टेबलाखाली होता. तिकडे मी बघायचो नाही. एका सकाळी वहिनींचा फोन आला आणि बोलायचं सगळंच संपलं.

शोकसभा वाचनालयातच झाली, हर्षदभाईंच्या प्लायवूडच्या कपाटांसमोर. चांगली आहेत कपाटं. मी तुझ्या नोकरीबद्दल बोललो, तुझ्या नियमाबद्दल बोललो. शिर्केसर शेवटी म्हणाले, "आणि तो ड्रिलचा किस्सा कोण विसरेल? वय झालं तरी हौस गेली नव्हती माणसाची." सगळे हसले, प्रेमाने हसले, डोळे पुसत हसले. तुझी आठवण म्हणून त्या खोलीत तेवढंच राहिलं आहे, दादा. न चाललेलं यंत्र. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्याबरोबर हसलो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो तेव्हा त्यांनी डबा काढून दिला. त्याला जाड केबल परत जोडलेली होती. माझी पांढरी वायर बाजूला, चार ठिकाणी दोऱ्याने बांधलेली, जशी दुकानातून येते तशी. म्हणजे तू ती काढलीस, नीट केलीस, मला परत द्यायला ठेवलीस. मी विचारलं, "परत चालवलं होतं का त्याने?"

"रोज चालवायचे," वहिनी म्हणाल्या. "माझ्या मांडणीच्या फळ्या बसवल्या ना. तुम्ही यायचा तेव्हा आवरून ठेवायचे."

मी उगाच म्हणालो, "ते नवं ड्रिल होतं तरी त्याला हेच लागायचं. हट्टी होता."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं होतं तसं. "भाऊजी, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"त्यांना ते उचलवत नव्हतं. पावसाळ्यापासून उजव्या हातातला जोर जात होता. मानेतली नस दबलीय म्हणाले डॉक्टर. भाजीची पिशवी तरी उजव्या हातात धरायचे का? ताट वाढून घेताना डाव्या हाताचा टेकू द्यायचे. तुम्ही समोर बसून जेवलात की किती वेळा."

मी केबल हातात घेतली.

"बॅटरी काढली की ते हलकं होतं," वहिनी म्हणाल्या. "तेवढ्यासाठी सगळी खटपट. डबा जमिनीवर, केबल खांद्यावर, हातात नुसतं ड्रिल. मला दाखवलं होतं. म्हणाले, बघ, आता पेलतं."

घरी येऊन मी दोन्ही ड्रिल उचलून पाहिली. आधी मी दिलेलं, मग हे. तुझं मी एका हाताने खांद्याच्या वर धरलं आणि कितीतरी वेळ धरू शकलो. त्यानंतर जो राग आला तो तुझ्यावर आला. दोन वाक्यं होती ती, दादा. "नंदू, हात चालत नाही. बॅटरी जड होते." एवढं बोलायला काय लागलं असतं? मी तुला गारुडी म्हणालो नसतो. मी तोफ आणून मांडीवर ठेवली नसती. वहिनींना सांगितलंस, डॉक्टरला सांगितलंस, आणि लहानपणापासून जो तुझ्या मागे मागे फिरला त्याला नाही. दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्यावर ओरडत होतो.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसलो आणि मला मगनभाई आठवला. तो आपल्या वर्कशॉपमधला फिटर, सावली गावाकडचा. त्याचा हात थरथरतो असं माझ्या लक्षात आलं आणि त्याच दिवशी मी त्याला ग्राइंडरवरून काढून गेटवर पास लिहायला बसवलं. तू डबा खाता खाता विचारलंस, "त्याला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? हात थरथरतो."

"थरथरतो हे त्याला माहीत नसेल? त्याने काहीतरी सोय केली असेल की स्वतःची."

"दादा, बोट तुटल्यावर सोय काय कामाची?"

तू जेवणाचा डबा बंद केलास. मगनभाई दोन महिने गेटवर बसला आणि नोकरी सोडून गावी गेला. आजही मला वाटतं की माझा निर्णय चुकीचा नव्हता. विचारलं नाही हे चुकलं. पण तुला त्यातून जे कळायचं ते कळलं होतं. हेच, की मी हातातलं काम काढून घेणार, आणि चांगल्या मनाने काढून घेणार, जेवताना आग्रह करावा तसं. तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? खरं लिहितो. दसऱ्याला ड्रिल आणलंच नसतं. "आता हे सगळं बंद," म्हणून तुझी हत्यारं पिशवीत भरून माझ्या घरी नेली असती. आणि वहिनींना म्हणालो असतो, काळजी करू नका, मी आहे.

काल रविवार होता. डबा घेऊन वाचनालयात गेलो. कमिटीची माणसं होती, हर्षदभाई बिजागऱ्या बघायला आले होते. जुन्या सागवानाचा एक तुकडा मागच्या खोलीत पडला होता. मी तो टेबलाला आवळला, केबल खांद्यावरून घेतली. पहिल्यांदा डबा बंद पडला, दुसऱ्यांदाही. माझ्या बोटाला तुझ्यासारखं येत नाही. तिसऱ्यांदा ट्रिगर हळू दाबला आणि ड्रिल आरपार गेलं. मी सगळ्यांना सांगितलं, त्या दिवशी वायर मी बदलली होती, बारीक वायर, म्हणून चाललं नाही. दादाची काही चूक नव्हती.

हर्षदभाईंनी भोकात बोट घालून बघितलं. "सरस चालतंय," म्हणाले, आणि जरा वेळाने, "मी उगाच बोललो." शिर्केसर म्हणाले, "अहो, जाऊ द्या ना. वायरचं काय एवढं? तुम्ही काळजीपोटीच केलंत." चहा मागवला. पाच मिनिटांत विषय बदलला. मला वाटलं होतं कोणीतरी माझ्यावर चिडेल. मला माफ करायला ते सगळे एका पायावर तयार होते, आणि त्यांच्या माफीचं मला काहीच करता येत नव्हतं.

कारण तिथेही मी पुरतं खरं सांगितलं नाही. इथेही नाही. वर लिहिलंय की घरी जाऊन आकडे मांडले तेव्हा मला कळलं. ते खोटं आहे. खोडत नाही, लोकांना दिसू दे.

त्या रविवारी तू फळीवर खूण केलीस, तेव्हा मी तुझ्या शेजारी फळी धरून वाकलो होतो. तू मान न वळवता, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणालास, "नंदू, ही बारीक पडेल. दहा मिनिटं थांबू, तू गाडीने जाऊन ती घेऊन ये." मी म्हणालो, "चालेल रे दादा, लोक खोळंबलेत." मग वायरला हात लावला तेव्हा ती तापली होती, आणि त्या क्षणी, प्लग भिंतीत असतानाच, मला कळलं की ही माझी वायर आहे आणि तू बरोबर होतास. ते कळल्यावर मी प्लग उपसला. ते कळल्यावर मी मोठ्याने म्हणालो की हे धोक्याचं आहे. मग वाट बघत राहिलो, आता तू बोलशील. तू वायर गुंडाळत राहिलास. तू बोलणार नाहीस हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला हायसं वाटलं.

इतके दिवस तू मला सांगितलं नाहीस म्हणून मी चिडत होतो. तू सांगितलं होतंस. दहा मिनिटं मागितली होतीस.